विसाव्या शतकातलं कोल्हापूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी बिंदू चौकात जमायचं आणि दुपारच्या जेवणाआधी पंचगंगेच्या घाटावर पोचायचं, अशी आमची पायी फेरी असते. कधी शाळेची मुलं असतात, कधी पुण्या-मुंबईचे पाहुणे, कधी आपल्याच पेठेतली माणसं. विचारले जाणारे प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं बरेच दिवस मनात होतं.

कोल्हापूरचा इतिहास म्हणजे पन्हाळा आणि ताराराणी. विसाव्या शतकात इथं असं काय घडलं?

एवढं घडलं की एका फेरीत पुरत नाही. देशातल्या आरक्षणाची पहिली ठोस अंमलबजावणी, मराठीतला पहिला बोलपट, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, महायुद्धात घरदार गमावलेल्या पाच हजार पोलिश माणसांचा आसरा, हे सगळं या गावात किंवा या गावाच्या जोरावर झालं. यातल्या बऱ्याच जागा आजही वापरात आहेत. तिथं आपण गाडी लावतो, भाजी घेतो, वडापाव खातो. घटनांशी जोडलेलं मोठं नाव सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच घटनेत पदरचा पैसा घालणारी किंवा अंगावर जोखीम घेणारी दुसरी माणसंही होती. ती नावं राहून जातात, म्हणून खाली जमतील तिथं ती मुद्दाम दिली आहेत.

२६ जुलै १९०२ ला नेमकं काय झालं?

करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानच्या गॅझेटमध्ये एक हुकूम छापून आला. त्या तारखेनंतर ज्या सरकारी जागा रिकाम्या होतील, त्यांतल्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतल्या माणसांनी भराव्यात, असा तो हुकूम. मागासलेले कोण, तेही त्यात सांगितलं होतं : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे.

हुकूम निघाला तेव्हा शाहू महाराज गावात नव्हते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले होते. म्हणजे हा रागाच्या भरात घेतलेला निर्णय नव्हता, आधी विचार करून ठरवलेली गोष्ट होती. १८९४ साली महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनात ७१ अधिकारी होते आणि त्यांतले ६० एकाच जातीचे होते. हा आकडा समोर ठेवला की हुकमाचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

मला या हुकमातलं एक कलम फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी आपल्या खात्यातल्या नेमणुकांचा तक्ता सादर करायचा, असं त्यात होतं. चांगले हुकूम पुष्कळ निघतात. त्यांचा तिमाही हिशेब मागणारा राज्यकर्ता विरळा.

वेदोक्त प्रकरण याच्या आधीचं की नंतरचं?

सुरुवात आधीची, १८९९ च्या कार्तिकातली. महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात. तिथं भटजी वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र न म्हणता पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले, म्हणतात, हे सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिलं. विचारल्यावर उत्तर मिळालं, की शूद्रांना पुराणोक्तच चालतं. राजघराण्यालाच हे ऐकावं लागतं, मग रयतेची काय गत, हा प्रश्न तिथून पुढं महाराजांनी सोडला नाही. वाद कैक वर्षं चालला, राजोपाध्यांची, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांची, वतनं खालसा झाली, महाराष्ट्रभर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले. आमची फेरी घाटावर संपवतो ती यासाठीच.

शाळेत मूल पाठवलं नाही तर दंड होता, हे खरं का?

खरं. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला गेला. त्या काळी रुपया ही थोडी रक्कम नव्हती. दंडाचं ऐकून आजची मुलं हसतात. मग मी त्यांना विचारतो, की गुरं राखायला जाणारं पोरगं बापानं रानातून काढून वर्गात बसवावं यासाठी तुम्ही काय केलं असतं? त्यावर वर्गात चांगली चर्चा होते. शिक्षकांनी हा प्रश्न जरूर विचारून बघावा.

पुढच्या शिक्षणासाठी बोर्डिंगं होती. १९०१ ला मराठा बोर्डिंग सुरू झालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत आणि १९०८ ला अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क हॉस्टेल. आधी सगळ्या जातींची मुलं एकाच वसतिगृहात ठेवायचा प्रयत्न झाला होता, तो जमला नाही. मग ज्या त्या समाजाला जागा आणि पैसा देऊन स्वतंत्र बोर्डिंगं काढायला लावली. दसरा चौकात उभं राहून चौफेर नजर फिरवली की यांतल्या काही इमारती अजून दिसतात. खेड्यातून भाकरीचं गाठोडं घेऊन आलेल्या कितीतरी मुलांनी इथं अंग टेकलं.

गंगाराम कांबळेंच्या हॉटेलातला चहा ही दंतकथा आहे का?

नाही. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या रागातून तिथल्याच मराठा नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, की नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, नाव ठेवलं सत्यसुधारक.

हॉटेल चकचकीत होतं, पण महाराच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज फिरायला निघाले की आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, तिथं थांबवत आणि मोठ्यानं चहा मागवत. स्वतः पीत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांच्या हातातही कप देत. कप हातात आल्यावर नको कोण म्हणणार?

या गोष्टीत महाराजांचं कौतुक सगळे करतात आणि ते रास्तच आहे. पण रोज पहाटे उठून शेगडी पेटवणारा, रिकामी बाकडी पुसणारा आणि तरी दुकान बंद न करणारा माणूस गंगाराम होता. भाऊसिंगजी रोडवरून जाताना मुलांना मी हेच सांगतो.

माणगाव परिषद कोल्हापुरात झाली का?

शहरात नाही. माणगाव हातकणंगले तालुक्यात आहे. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, अध्यक्ष होते २८ वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, अशा अर्थाचं बोलले. त्याआधी दोनच महिने, ३१ जानेवारीला, बाबासाहेबांचं 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू झालं होतं आणि त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. परिषद गावात भरवून घेण्यात माणगावचे आप्पासाहेब पाटील पुढं होते. जमलं तर गावात जाऊन या.

राधानगरी धरण कुणी बांधलं?

शाहू महाराजांनी भोगावतीवर काम सुरू केलं, पैशाअभावी ते अर्ध्यावर थांबलं आणि पुढं पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतर. धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर 'राधानगरीचे किती दरवाजे उघडले' आणि पंचगंगेवरच्या 'राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर' हेच विचारत असतं. ४३ फूट ही धोक्याची पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. एका जुन्या बांधकामाची एवढी रोजची खबर ठेवणारं गाव दुसरं मला माहीत नाही.

मराठी सिनेमा कोल्हापुरात जन्मला असं म्हणतात. पण फाळके तर नाशिकचे ना?

बरोबर. दादासाहेब फाळक्यांचं काम आधीचं, १९१३ चं, आणि ते मुंबईतलं. कोल्हापूरचं महत्त्व वेगळं आहे. इथं सिनेमा हा एका माणसाचा प्रयोग राहिला नाही, त्याचा कारखाना झाला. कॅमेऱ्यापासून नटापर्यंत सगळं गावातच तयार होऊ लागलं.

बाबूराव पेंटर, म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव सिनेमाच्या वेडानं झपाटले. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता, म्हणून जुना मोडका प्रोजेक्टर उघडून बघायचा आणि त्यावरून आपला कॅमेरा घडवायचा, हा त्यांचा उद्योग. १९१६ ला आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, लेथवर सुटे भाग करवून घेत देशी कॅमेरा उभा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवल कुणी दिलं? तानीबाई कागलकर या गायिकेनं. शहाणीसुरती माणसं ज्या धंद्याला हात लावत नव्हती, त्यात गाण्यावर कमावलेला पैसा एका बाईनं घातला.

१९२० ला त्यांचा पहिला मूकपट 'सैरंध्री' पडद्यावर आला. पुरुषांनी लुगडी नेसून बायकांच्या भूमिका करायच्या तो जमाना, पण यात बायकांची कामं बायकांनीच केली. लोकमान्य टिळकांनी तो पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. पुढं याच कंपनीत घडलेले व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन १ जून १९२९ ला त्यांनी 'प्रभात' काढली. तीही कोल्हापुरातच. १९३२ चा 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट, इथलाच. १९३३ ला प्रभात पुण्याला गेली.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. सिग्नलला थांबलात तर मान वर करून बघा.

शिवाजी चौकात आधी कुणाचा पुतळा होता?

हा प्रश्न आला की मी मंडळींना रस्त्याच्या कडेला सावलीत उभं करतो, कारण उत्तर लांब आहे.

आधी तिथं मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर लेस्ली विल्सन याचा पुतळा होता. गावाच्या ऐन गजबजलेल्या जागी, महापालिका आणि अंबाबाईचं देऊळ हाकेच्या अंतरावर. १९४२ च्या चळवळीत तो लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला. भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघी पुढं झाल्या आणि त्यांनी भर चौकात त्या पुतळ्याचा चेहरा विद्रूप केला. त्यापायी तुरुंगात गेल्या. दुसऱ्या वर्षी, १९४३ ला, कार्यकर्त्यांनी घणाचे घाव घालून तो पुतळा फोडला.

चौथरा रिकामा झाला. तिथं शिवाजी महाराजच बसवायचे असं गावानं ठरवलं. सिनेमा दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी पुढाकार घेतला आणि पुतळा घडवला बाबूराव पेंटरांनी, वरच्या प्रश्नातलेच. सिनेमावाल्या माणसांनी हे काम वेळ न दवडता, गाजावाजा न करता उरकलं, कारण सरकार अडवणार हे उघड होतं. १९४५ च्या मे महिन्यात पुतळा चौकात बसला. तो अर्धपुतळा का आहे, पूर्णाकृती किंवा घोड्यावरचा का नाही, असं बरेच जण विचारतात. त्या दिवसांत हाताशी असलेल्या वेळात जे होऊ शकत होतं ते झालं, आणि गावानं तेच जपलं.

एकदा मी ही हकीकत सांगताना दोघी बायकांची नावं न घेता 'काही महिलांनी' असं म्हणून पुढं गेलो. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "पुरुषांची नावं पाठ आहेत ना तुला? मग त्यांची पण घे की बाळा." तेव्हापासून मी ती दोन नावं सगळ्यांत आधी घेतो.

बेचाळीसच्या चळवळीत जिल्ह्यात कुणी हुतात्मा झालं का?

गारगोटीला. १३ डिसेंबर १९४२ ला क्रांतिकारकांनी तिथल्या कचेरीवर हल्ला केला. पोलिसांच्या गोळीबारात सात जण पडले. करवीरय्या स्वामी, नारायण वारके आणि त्यांचे साथीदार. भुदरगड तालुक्यात आजही १३ डिसेंबर पाळतात. संस्थानी मुलखात चळवळ नव्हती असा एक समज आहे, त्याला गारगोटी हे पुरेसं उत्तर आहे. माधवराव बागल, रत्नाप्पाण्णा कुंभार यांची प्रजा परिषद १९३९ पासून काम करत होती. रत्नाप्पाण्णा पुढं घटना समितीत गेले.

वळिवड्यात खरंच पोलंडची माणसं राहायची का?

खरंच, आणि पाच वर्षं. हा प्रश्न हल्ली सगळ्यांत जास्त विचारला जातो.

१९३९ ला पोलंडवर एका बाजूनं जर्मनीनं आणि दुसऱ्या बाजूनं सोव्हिएत रशियानं कब्जा केला. रशियानं लाखो पोलिश कुटुंबांना घरातून उठवून सैबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकलं. पुढं हिटलर रशियावर उलटला तेव्हा त्यांची सुटका झाली. पुरुष सैन्यात गेले, बायका-मुलं-म्हातारी इराणमार्गे मिळेल तिथं पांगली. त्यांतली काही हिंदुस्थानात आली. जामनगरजवळ बालाचडीला अनाथ मुलांची छावणी झाली आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याला कुटुंबांची. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार माणसं इथं राहिली.

कौलारू बराकींच्या रांगा होत्या. चर्च, शाळा, दवाखाना, नाटकाची हौस, स्काउटची पथकं, सगळं त्यांनी छावणीत उभं केलं. हिवाळ्यात बर्फात जगलेली माणसं कोल्हापूरच्या मे महिन्यात आणि मग जुलैच्या संततधारेत कशी रुळली असतील, हे मला नेहमी वाटत राहतं.

माझी आजी उचगावची. ती लहान होती तेव्हा तिची आई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन छावणीच्या फाटकाशी जायची. गोऱ्या बायका बोटांवर मोजत "किती? किती?" विचारायच्या. पहिल्यांदा शिकलेला मराठी शब्द तोच असावा. आजीच्या आठवणीतली एक बाई पैसे दिल्यावर दर वेळी आजीच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि डोळे पुसायची. का ते तेव्हा कुणाला कळलं नाही. आजीनं म्हातारपणी मला ते सांगितलं, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "तिची पोर वाटेत गेली असंल बघ."

युद्ध संपलं तरी त्यांच्या गावांवर परका अंमल होता. बरेच जण इंग्लंडला गेले, काही आणखी दूर. एका मुलीनं इथल्याच घरात लग्न केलं आणि जन्मभर मराठी संसार केला. काही माणसं कोल्हापूरच्या मातीतच विसावली. महावीर उद्यानात या पोलिश वस्तीची आठवण सांगणारं स्मारक आहे. त्या छावणीत वाढलेली मुलं साठ-सत्तर वर्षांनी नातवंडांना घेऊन वळिवडं बघायला येत राहिली.

मग ती छावणी आता कुठं गेली?

ती गांधीनगर झाली. पोलिश माणसं निघाली आणि फाळणीत सिंधमधून उखडलेली कुटुंबं त्याच बराकींत आली. आज तिथं कापडाची मोठी घाऊक पेठ आहे. लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथं जातो. एका उजाड झालेल्या माणसानं रिकामी केलेली खोली दुसऱ्या उजाड झालेल्या माणसाला मिळाली, त्या जागेवरचा हा बाजार आहे. पुढच्या वेळी साडी घेताना दुकानदार आजोबांना सवड असेल तर त्यांचं मूळ गाव विचारा.

१५ ऑगस्ट १९४७ ला कोल्हापूर भारतात आलं ना?

संस्थान भारतात सामील झालं, पण राज्य चालूच होतं. मुंबई राज्यात विलीनीकरण झालं १ मार्च १९४९ ला. छत्रपतींच्या गादीचं ते शेवटचं राज्य, त्यामुळं त्या दिवशी गावात आनंद आणि हुरहुर दोन्ही होतं, असं जुनी माणसं सांगत.

जानेवारी १९४८ मध्ये काय झालं होतं? घरात कुणी बोलत नाही.

बोलत नाहीत हे खरं आहे. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचं कळताच महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ब्राह्मणांच्या घरांवर आणि दुकानांवर जमाव चालून गेले. कोल्हापुरातही जाळपोळ झाली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ज्या माणसानं तीन वर्षांपूर्वी विल्सनच्या जागी शिवाजी महाराज बसवले, त्याचाच स्टुडिओ याच गावात पेटला. भालजी गाव सोडून गेले नाहीत. त्यांनी तो पुन्हा उभा केला.

मुलांना हे सांगावं का, असं शिक्षक विचारतात. सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या गावानं पाच हजार परक्या माणसांना जागा दिली, त्याच गावानं त्याच वर्षांत शेजाऱ्याचं घरही जाळलं. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत सांगितल्या पाहिजेत. मी त्या तशाच सांगतो.

बिंदू चौकातल्या पुतळ्यांचं विशेष काय?

तिथं महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर शेजारी शेजारी आहेत. माधवराव बागलांच्या पुढाकारानं ९ डिसेंबर १९५० ला ते बसवले गेले. बाबासाहेब तेव्हा हयात होते आणि देशाचे कायदामंत्री होते. त्यांच्या हयातीत उभा राहिलेला हा त्यांचा पहिला पुतळा. आमची फेरी इथून निघते.

खाशाबा जाधव कोल्हापूरचे की कराडचे?

गाव कराडजवळचं गोळेश्वर. पण शिक्षण आणि कुस्ती कोल्हापूरची, राजाराम कॉलेजची. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. तोवर ते मातीत खेळत होते, मॅटवरची कुस्ती त्यांना नवी होती. १९५२ च्या हेलसिंकीला निवड झाली तेव्हा जायला पैसे नव्हते. सरकारदरबारी हात हलवत परत यावं लागलं. गावोगाव वर्गणी झाली, ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं राहतं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं.

एक प्राचार्य आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकतो! मी हे शेकडो वेळा सांगितलं असेल, पण दर वेळी आवाज जड होतो. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्य मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. गावाकडं त्यांची बैलगाड्यांच्या ताफ्यानिशी मिरवणूक निघाली. आणि मिरवणूक झाल्यावर त्यांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान घेतलं आणि त्यातून आलेल्या पैशांनी सरांचं घर सोडवून दिलं. देशाला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला पुढं १९९६ उजाडावं लागलं.

१९६० नंतरच्या ठळक तारखा कुठल्या?

संयुक्त महाराष्ट्रानंतरची मोठी तारीख १८ नोव्हेंबर १९६२, शिवाजी विद्यापीठाची स्थापना. तोवर पदवीसाठी पुण्याकडं बघावं लागे. १९६३ ला जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं गोकुळ. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, ४ वाजून २१ मिनिटं, कोयनेचा भूकंप. केंद्र सातारा जिल्ह्यात, पण कोल्हापूरची माणसंही अंथरुणातून उठून रस्त्यावर आली. फडताळातली भांडी खाली आल्याच्या आठवणी सत्तरीकडं झुकलेल्या कुणालाही विचारा. १९७२ च्या डिसेंबरात नगरपालिकेची महापालिका झाली. आणि वि. स. खांडेकर, १९३८ पासून कोल्हापूरकर, यांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. मराठीला मिळालेलं ते पहिलं.

खासबाग आणि शेजारचं नाट्यगृह एकाच वेळचं आहे का?

जवळपास. १९०२ च्या दौऱ्यात महाराजांनी रोमचं कलोझियम पाहिलं आणि तसं कुस्तीचं मैदान आपल्याकडं हवं हे मनात धरलं. खासबाग १९१२ ला तयार झालं. मध्ये आखाडा आणि भोवती वर चढत गेलेली बैठक, त्यामुळं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पकड दिसते. लगेच पाठोपाठ, १९१५ ला, पॅलेस थिएटर झालं, पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थिएटर पाठीला पाठ लावून, ही रचना महाराजांचीच.

केशवराव याच गावचे, जन्म ९ ऑगस्ट १८९०. जुलै १९२१ मध्ये बालगंधर्वांबरोबर त्यांनी संयुक्त 'मानापमान' केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले.

ते नाट्यगृह जळालं त्या रात्री तुम्ही तिथं होता का?

होतो. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. फोन आला तसा चालत निघालो. लांबूनच आभाळ तांबडं दिसत होतं. रस्त्यावर नट होते, पडदे ओढणारे, लाइटवाले, मेकअपवाले, आणि ज्यांनी लहानपणी आईच्या मांडीवर बसून तिथं पहिलं नाटक पाहिलं असे आमच्यासारखे शेकडो लोक. कुणी ओरडत नव्हतं. माझ्या शेजारी एक म्हातारे कलाकार उभे होते, दोन्ही हात जोडून, देवळात उभं राहावं तसे. छत खाली आल्याचा आवाज झाला तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "रंगमंचाची माती कपाळाला लावून आत जायचो रे मी."

फेरीत आम्ही आजही तिथं थांबतो.